बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस सुरू झाले, की आमच्या मंडळीतलं कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतं, "काका, मी टिकेन का?" विचारणारा कधी वीज केंद्रातल्या राख वाहून नेणाऱ्या विभागातला कंत्राटी कामगार असतो, कधी दुर्गापूरच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेला माणूस, तर कधी नुकताच बाप्तिस्मा घेतलेली एखादी सून. प्रश्न नोकरीत टिकण्याचा नसतो. येशू ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास शेवटच्या श्वासापर्यंत राहील, की मधेच कुठेतरी गळून पडेल, ही धास्ती त्यामागे असते.

मी चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रात ऑपरेशनला होतो. निवृत्तीनंतरही ऊर्जानगर या केंद्राच्या कॉलनीचा परिसर सोडवला नाही. आता मंडळीचा वडील म्हणून जमेल तशी सेवा करतो. आमची मंडळी लहान आणि सरमिसळीची आहे. नगर-संगमनेरकडून नोकरीसाठी आलेली मराठी घरं, बल्लारपूरच्या पेपर मिलमुळे इकडे स्थिरावलेली तेलुगू कुटुंबं, केरळच्या नर्स, छोटा नागपुरातून कोळशाच्या खाणींवर आलेले उरांव. शेजारी कॅथलिक आहेत. त्यांचा चांदा धर्मप्रांत १९७७ पासूनचा आणि त्याचं मुख्य ठाणं बल्लारपूरला. प्रत्येकाच्या उपासनेची रीत निराळी, पण "मी टिकेन का" ही धास्ती सगळीकडे सारखीच आढळते.

तिच्यामागे एक हिशेब असतो. तीन पाळ्यांच्या नोकरीत रविवार आपल्या हातात नसतो. नाइट करून आलेला माणूस सकाळच्या उपासनेत डोळे उघडे ठेवायची शिकस्त करतो आणि फर्स्ट शिफ्टवाला येऊच शकत नाही. पवित्र शास्त्र वर्षभरात वाचून काढायचा तक्ता घरोघरी भिंतीवर लावलेला असतो. उत्पत्ती आणि निर्गम भराभर वाचून होतात, मग लेवीय येतं आणि खुणा थांबतात. उपवास ठरवलेला असतो, नेमकी त्याच दिवशी डबल ड्यूटी लागते. अशी सुटलेली प्रत्येक गोष्ट माणूस मनातल्या मनात स्वतःच्या नावावर उधारी म्हणून लिहीत जातो. २०२२ च्या फेब्रुवारीत इथे वाघाने केंद्रातल्या एका कामगाराचा बळी घेतला. त्या काळात कॉलनीत अंधार पडल्यावर आणि उजाडण्याआधी बाहेर पडायची कोणाची छाती नव्हती. आमची पहाटेची प्रार्थनासभा बंद करावी लागली. तेव्हा मंडळीतल्या एका वयस्क बाई मला म्हणाल्या, की पहाटेची प्रार्थना सुटली, आता प्रभू माझ्यावर नाराज झाला असेल. वाघाच्या भीतीने सुटलेली प्रार्थनासुद्धा त्या माउलीने स्वतःच्या नावावर कर्ज म्हणून मांडली होती. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी पंडिता रमाबाईंची साक्ष पुन्हा वाचायला काढली.

रमाबाईंना महाराष्ट्र समाजसुधारक म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, विधवा आणि अनाथ मुलींसाठी वेचलेलं आयुष्य हे पाठ्यपुस्तकात येतं. १९८९ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण १९०७ साली त्यांनी आपली साक्ष प्रसिद्ध केली, तिच्याकडे मराठी वाचकाचं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं हे विश्वासणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगणं, याला आमच्यात साक्ष म्हणतात. रमाबाईंच्या साक्षीत एक विलक्षण प्रांजळ कबुली आहे. बाप्तिस्मा घेतल्यानंतर तब्बल आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. टिकण्याची धास्ती घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी या आठ वर्षांची गोष्ट सांगतो.

ती गोष्ट त्यांच्या बालपणापासून सुरू करावी लागते. स्वतःच्या कष्टाने देवाला गाठायचं कसं, हे रमाबाईंइतकं जवळून पाहिलेली माणसं थोडी असतील. २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी विद्वानांचा रोष ओढवून घेतला, तरी हटले नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवलं. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थाटन करत राहिलं. देवळात, घाटावर, झाडाखाली बसून पुराणं सांगायची आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला मुखोद्गत होते. व्रतं, उपास, स्नानं, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजनं यात काही कमी ठेवलं नव्हतं. मग १८७० च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आला. जवळचं होतं नव्हतं ते सगळं देवधर्मात घालून झालं, अन्नान्न दशा झाली आणि थोड्याच काळात वडील, आई, मोठी बहीण असे एकामागून एक गेले. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला 'सरस्वती' ही पदवी दिली.

हे वाचताना ख्रिस्ती वाचकाने मनात कसलाही मोठेपणा आणू नये. आमच्या चंद्रपुरात चैत्रात महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून आलेली माणसं डोक्यावर ऊन घेत, झरपट नदीच्या काठावर मुक्काम करत देवीच्या पायाशी येतात. त्यांच्या निष्ठेपुढे मी मान लववतो. रमाबाईंनी आईवडिलांच्या त्या धडपडीबद्दल लिहिलं तेही अतीव मायेने लिहिलं आहे. माझा मुद्दा ख्रिस्ती माणसाबद्दलचा आहे. देवाला कष्टाने गाठायची ती सवय बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन जात नाही. रमाबाईंचीही गेली नाही.

पुढची घटनांची ओळ बहुतेकांना ठाऊक असते. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहत असताना त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं सेवाकार्य दाखवण्यात आलं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळलं जात होतं. असं कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. त्या कथेने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नहेम्या गोऱ्हे यांच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरच्या आठ वर्षांत त्यांनी जे केलं ते पाहून छाती दडपते. चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या आणि शिकवलंही. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत गावोगावी व्याख्यानं देत फिरल्या. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिलं. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी धर्मसिद्धान्तांवर त्यांचे कडाक्याचे वाद झाले. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या ताब्यात द्यायला त्या तयार नव्हत्या. बाहेरून पाहणाऱ्याला यापेक्षा कर्तबगार ख्रिस्ती आयुष्य कोणतं दिसलं असतं?

आणि तरीही आत काहीतरी रिकामं होतं. साक्षीत त्या सांगतात, की आपण ख्रिस्ती मताला बुद्धीने संमती दिली होती, बाप्तिस्मा घेतला होता, चांगलं वागायचा निश्चय केला होता आणि एवढ्यावर आपली मदार होती. पण पापाचं ओझं होतं तिथेच होतं. मार्ग बदलला, पण ओझं उचलणारे खांदे तेच राहिले, असं मला ते वाचताना जाणवतं. पूर्वी व्रतांची बेरीज होती, आता चांगुलपणाची बेरीज सुरू झाली.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅसलम यांचं आत्मकथन पडलं. हॅसलम हे कॉर्नवॉलमधल्या बाल्डू इथल्या चर्चचे धर्मगुरू. चर्च बांधलं, विधी चोख केले, लोकांना उपदेश केला आणि १८५१ मध्ये एका रविवारी प्रवचन करता करता त्यांच्या लक्षात आलं, की जे मी सांगतोय ते मलाच लाभलेलं नाही. त्याच प्रवचनात त्यांचा पालट झाला. दीक्षा घेतलेला धर्मगुरूही अजून आपल्याच पुण्याईवर उभा असू शकतो, हे वाचून रमाबाई थबकल्या. त्यांना स्वतःचं चित्र दिसलं. पुढे त्या शास्त्र वाचत गेल्या, प्रार्थना करत गेल्या आणि एक दिवस त्यांना उमगलं, की क्षमा ही मजुरी नाही. ती ख्रिस्ताने वधस्तंभावर मिळवून ठेवलेली आहे आणि फुकट द्यायची म्हणूनच ठेवलेली आहे. ती घ्यायला जात लागत नाही, पुरुष असावं लागत नाही, विद्वत्ता लागत नाही, साठवलेलं पुण्य लागत नाही. ज्या पोथ्या त्यांनी पाठ केल्या होत्या त्यांत बाईला स्वतःच्या बळावर मुक्तीची वाट फारशी मोकळी नव्हती, असं त्यांनीच लिहिलं आहे. अशा बाईला ही बातमी केवढी मोठी वाटली असेल!

सामान्य वाचकाला ख्रिस्ती कृपेची कल्पना थोडक्यात सांगायची तर अशी. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, की तारण हे देवाचं दान आहे. कर्मांचं ते फळ नव्हे, म्हणून कोणाला फुशारकी मारता येत नाही. एवढं बहुतेक ख्रिस्ती मान्य करतात. घोटाळा पुढे होतो. सुरुवात कृपेने झाली, आता शेवटपर्यंत नेणं माझ्यावर आहे, असं माणूस धरून चालतो. गलतीच्या मंडळ्यांनी नेमकं हेच केलं होतं आणि पौलाने त्यांना कडक शब्दांत फटकारलं. ज्याने आरंभ केला तोच सिद्धीस नेईल, हा भरवसा तो फिलिप्पैकरांना देतो. म्हणजे कृपेने प्रवेश मिळतो आणि चालवतेही कृपाच.

मला यात येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. अटकेच्या रात्री तो येशूला तीनदा नाकारतो. लूक सांगतो, की हे घडण्याआधीच येशूने त्याला कळवलं होतं, की तू ढळशील हे मला ठाऊक आहे आणि तुझा विश्वास संपू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती करून ठेवली आहे. त्या रात्री पेत्राचा निश्चय पार ढासळला. विश्वास मात्र संपला नाही, कारण तो दुसऱ्या कोणाच्या प्रार्थनेवर उभा होता.

हा वाद मंडळीच्या इतिहासात फार जुना आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाच्या संन्याशाने माणूस इच्छाशक्तीने पापावाचून जगू शकतो असं शिकवलं आणि उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन त्याच्याशी झुंजला. आयुष्याच्या अखेरीस ऑगस्टीनने खास या विषयावर ग्रंथ लिहिला आणि शेवटपर्यंत टिकणं हेसुद्धा दानच आहे असं मांडलं. मार्टिन ल्यूथर मठात उपासतापास आणि पापकबुलीने स्वतःला झिजवून घेत होता, तो याच शिकवणीपाशी येऊन सुटला. जॉन वेस्लीची गोष्ट तर रमाबाईंच्या गोष्टीची मोठी बहीण शोभावी. दीक्षित धर्मगुरू, अमेरिकेत मिशनरी म्हणून जाऊन आलेला, वेळापत्रक लावून उपवास आणि प्रार्थना करणारा. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत त्याला प्रथमच वाटलं, की ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा, पापं उचलली आहेत. खरा विश्वासणारा कृपेतून पूर्णपणे गळू शकतो का, यावर केल्विनचे अनुयायी आणि वेस्लीचे अनुयायी आजही एकमत होत नाहीत. १६१८-१९ मध्ये नेदरलंड्समध्ये डॉर्टला त्यावर मोठी परिषदच भरली होती. पण टिकणाऱ्याला देवच टिकवतो, याबद्दल त्यांच्यात दुमत नाही. कॅथलिक मंडळीही ट्रेंटच्या परिषदेपासून अखेरच्या चिकाटीला देवाची देणगी म्हणते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी कृपेने नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. विभागलेल्या मंडळ्यांना जवळ आणणारा हा विषय आहे, हे आमच्या लहानशा सरमिसळीच्या मंडळीत मला रोज दिसतं.

माझ्या कामातला एक दाखला मी इथल्या माणसांना देतो, कारण त्यांना तो लगेच कळतो. ऊर्जानगरचं केंद्र आज २,९२० मेगावॅटचं आहे. तरी संच ट्रिप होऊन सगळीकडचा पुरवठा गेला, तर हे एवढं मोठं केंद्र स्वतःच्या बळावर पुन्हा सुरू होत नाही. बॉयलरला पाणी देणारा फीड पंप, भट्टीतला धूर बाहेर खेचणारे आयडी फॅन, कोळसा दळणाऱ्या मिल या सगळ्यांना आधी वीज लागते आणि ती बाहेरून यावी लागते. बाहेरची ग्रिडच मेली असेल, तर बहुधा एखाद्या जलविद्युत केंद्राकडून ती आणावी लागते, कारण पाण्यावरची यंत्रं थोड्याशा आधारावर चालू होतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेची ग्रिड कोसळली, तेव्हा तिकडच्या औष्णिक केंद्रांना अशीच बाहेरून येणाऱ्या विजेची वाट पाहावी लागली. कंट्रोल रूममध्ये तेव्हा कितीही हुशार माणूस बसलेला असो, पॅनलवरचं बटण दाबून उपयोग नसतो. आमच्या खात्यात याची कोणाला लाज वाटत नाही, केंद्राची रचनाच तशी आहे. मग ख्रिस्ती माणसाने आपल्याच्याने पुन्हा उभं राहवत नाही याची एवढी शरम का बाळगावी?

काही वर्षांपूर्वी एक तरुण कित्येक महिने उपासनेला आला नाही. मी त्याच्या घरी गेलो. तो दाराबाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, म्या देवाले देल्लेला शब्द मोडला. आता कोन्या तोंडानं येऊ?" ३१ डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटच्या उपासनेत त्याने सगळ्यांसमोर उभं राहून दारू सोडायचं वचन दिलं होतं. ते संक्रांतीपर्यंतही टिकलं नव्हतं. त्याआधीच्या वर्षीही तेच झालं होतं.

चंद्रपुरात दारूचा प्रश्न काय आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून ती मिळवली. १ एप्रिल २०१५ पासून ती लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली. बंदीच्या काळात पगाराचा पैसा घरापर्यंत पोचलेली घरं मी पाहिली आहेत. म्हणून त्या बायकांच्या लढ्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच काळात सीमेपलीकडून आलेली बाटली कुठे मिळते हे पिणाऱ्याला ठाऊक होतं. कायद्याने दुकान बंद होतं, तहान बंद होत नाही. पौलाने नियमशास्त्राबद्दल रोमकरांना हेच लिहिलं आहे. नियम पवित्र आहे, चांगला आहे, तो पाप दाखवून देतो, पण ते सोडायचं बळ देत नाही. त्या तरुणाने स्वतःवर एकट्याने बंदी लादली होती आणि बंदी मोडल्यावर आपण देवाच्या घरातून हद्दपार झालो असं मानलं होतं.

मी त्याला पेत्राची गोष्ट सांगितली. मग एवढंच म्हणालो, की तू दिलेला शब्द मोडलास, ख्रिस्ताने दिलेला मोडलेला नाही. तो पुढच्या रविवारी आला. एका झटक्यात त्याची दारू सुटली असं मी लिहिणार नाही. तो व्यसनमुक्तीच्या उपचारांना जातो, मधेच घसरतो, पण घसरल्यावर तोंड लपवत नाही. आधी घसरला की महिनोन्महिने गायब व्हायचा. आता त्याच आठवड्यात येऊन मागच्या बाकावर बसतो. हा फरक लहान नाही. माझ्या मते टिकणं हेच असतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आणि तो रास्त आहे. सगळं कृपेनेच होणार असेल, तर माणसाने हातपाय हलवायचे कशाला? याला मी तर्काने उत्तर देत नाही, रमाबाईंची पुढची एकतीस वर्षं समोर ठेवतो. १८९१ नंतर त्यांचं काम थंडावलं नाही, भडकलं. १८९३ मध्ये शारदा सदनावर वादळ आलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात गहजब झाला. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. संस्थेत धर्माबाबत तटस्थता राहील असा शब्द दिलेला असल्याने त्या मंडळींचंही दुःख खोटं नव्हतं. रमाबाईंची माणसं गेली, नाव गेलं, पण त्या डगमगल्या नाहीत. त्याच वर्षी सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

१८९६-९७ ला मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच मध्यप्रांतात होता. भुकेने आईबाप गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि विधवा सोबत घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला माळरान घेतलं होतं, तिथे त्यांची सोय केली आणि त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शाळा, छापखाना, विणकाम, तेलाची घाणी, शेती, अंध मुलींचं शिक्षण. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळं घर होतं, त्याचं नाव कृपासदन. १९०५ च्या जूनमध्ये तिथे प्रार्थनेची मोठी जागृती झाली आणि तिच्या बातम्या जगभर पोचल्या.

आणि मग पवित्र शास्त्राचं भाषांतर. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र आणायचं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू येणं कमी होत गेलं तरी काम थांबलं नाही. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवले, छपाई केली. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. एकुलती एक लेक, कामाची वारसदार. त्यानंतर जेमतेम साडेआठ महिने रमाबाई जगल्या आणि अखेरपर्यंत त्या भाषांतराच्या कामात होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. नुसत्या इच्छाशक्तीचं माणूस एवढं सोसून असं काम करत नाही, असं माझं ठाम मत आहे. इच्छाशक्तीची परीक्षा त्यांनी आधीच्या आठ वर्षांत घेऊन पाहिली होती.

प्रत्येकाची गती सारखी नसते, हेही सांगायला हवं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. त्यांना यायला पुढची पाच वर्षं लागली. मनावरचा सोवळ्याओवळ्याचा पगडा कसा सुटत गेला ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने लिहिलं आहे. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. लक्ष्मीबाई आल्या त्या रडत, रागावत, स्वयंपाक करता करता. टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' पुढे पुरं केलं ते त्यांनीच. म्हणून मंडळीत कोणी मागे पडलेलं दिसलं, तर त्याचं मोजमाप दुसऱ्याच्या वेगाने करू नये.

आम्ही आमच्या मंडळीत यातून दोन गोष्टी बदलल्या. वॉचनाइटला उभं राहून वचनं द्यायची प्रथा बंद केली. त्याऐवजी शेजारी बसलेल्यासाठी वर्षभर प्रार्थना करायचं ठरवतो. म्हणजे तो ढळला तरी त्याच्यासाठी कोणीतरी मागणं मागत असतं. आणि वाचनाचा तक्ता ठेवला, पण रिकाम्या चौकटी भरून काढायची सक्ती काढून टाकली. जिथे थांबलात तिथून पुढे वाचा, एवढंच सांगतो.

इतर मंडळ्यांच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. लेंट सुरू होण्याआधी यादी काढा, पण ती न येणाऱ्यांची. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, का आला नाहीत हे विचारू नका. प्रभुभोजनाचा रविवार कोणता आणि वेळ काय, तेवढं सांगून या. वेळ जमत नसेल, तर वेळ बदला. आमच्याकडे आता रविवारी संध्याकाळी सातला दुसरी उपासना असते आणि फर्स्ट शिफ्ट करून आलेले लोक तिला येतात.